नाव न विचारणारा सर्व्हर

१४ जुलै, सोमवार. हातातलं काम: ऑफिसच्या जुन्या सर्व्हरमध्ये कोणीही नाव न सांगता शिरतं, ते बंद करायचं.

मसोलीला आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. भाताचं बियाणं, भाजीची रोपं, परसबागेची शिबिरं, असं आमचं काम. ऑफिसातला पत्रव्यवहार, फायली, प्रिंटर आणि कंप्युटर माझ्याकडे. कंप्युटर मी हौस म्हणून शिकले नाही. दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं, म्हणून शिकले. सर्व्हर म्हणजे स्टुलावर ठेवलेला एक करडा उभा डबा. छत गळतं म्हणून पावसाळ्यात त्याच्यावर प्लास्टिक असतं. त्याची कामं दोन: सगळ्यांच्या फायली सांभाळायच्या आणि दोन प्रिंटरांना छपाई वाटून द्यायची. एक प्रिंटर इथला, दुसरा तलासरीच्या केंद्रातला. तलासरीचा कंप्युटर इंटरनेटवरून याच डब्याला जोडलेला आहे.

नवा लॅपटॉप घेतला आणि तो सर्व्हरला जोडेचना. बाकीची जुनी मशीनं व्यवस्थित चालत होती, हा एकटा नकार देत होता. मी बोईसरच्या कंप्युटरवाल्या भाईंना बोलावलं. माझ्याहून वयानं मोठे, घरी गुजराती बोलणारे, मला बेन म्हणणारे. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर रोपं न्यायला येणाऱ्यांसाठी बाकडं आहे, तिथे जाऊन बसले, स्वतःचं जुनं मशीन मांडीवर घेतलं, आमच्या वायफायला जोडलं आणि मला हाक मारली.

"बेन, इकडे या. मी कोण आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या सर्व्हरनं मला विचारलंच नाही. नाव नाही, पासवर्ड नाही. हे बघा, तुमचे सगळे फोल्डर. हे प्रिंटर. आणि ही तुमची माणसं." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "मसोली, कोसबाड, आशागड, गंजाड... ही काय एसटीच्या थांब्यांची यादी आहे?"

तसं दिसत होतं खरं. आमच्याकडे एकाच नावाची तीन-तीन माणसं आहेत, आडनावंही तीच ती. म्हणून ऑफिसात माणसाला त्याच्या गावानं हाक मारायची पद्धत पडली. कोसबाड चहा घेणार का, आशागड आज रजेवर आहे, असं आम्ही बोलतो. सर्व्हरवर खाती उघडली तेव्हा मी तीच नावं दिली. मी स्वतः मसोली.

"नवा लॅपटॉप शहाणा आहे," भाई म्हणाले. "जो सर्व्हर नाव विचारत नाही, त्याच्याकडे तो जातच नाही. मशीन बदलू नका, दार बंद करा. हे उघडं ठेवलं कोणी?"

"पहिल्यापासूनच असेल," मी म्हटलं.

पहिल्यापासून नव्हतं. मीच उघडलं होतं. लोक पासवर्ड विसरायचे, झेरॉक्स मशीनला स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकता यायचा नाही, आणि दर थोड्या वेळानं कोणीतरी मला उठवायचं. एक दिवस वैतागून मी पाहुण्याचं खातं, म्हणजे गेस्ट अकाउंट, चालू केलं आणि 'सर्वांसाठी' नावाच्या फोल्डरला आणि दोन्ही प्रिंटरांना मोकळीक दिली. त्यानंतर शांतता झाली, आणि ही शांतता म्हणजे चांगली व्यवस्था असं मी धरून चालले. भाईंसमोर ते कबूल करायला जीभ वळली नाही.

"तुम्ही स्वतः कराल की मी करू?" त्यांनी विचारलं.

"मी करते." कोणी केलं होतं ते त्यांना आत गेल्यावर कळलं असतं.

भाई गेले. सगळे जेवायला बसले तेव्हा मी सर्व्हरसमोर बसले. अनोळखी माणसाला खात्यांची आणि फोल्डरांची यादी दाखवू नये, हे बटण लावलं. 'सगळे' या शब्दात अनोळखी माणूस धरू नये, हे दुसरं. पाहुण्याचं खातं बंद. झेरॉक्स मशीनला त्याचं स्वतःचं खातं आणि फक्त एका फोल्डरात टाकण्याची परवानगी. मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. जुनं मशीन, उठायला वेळ घेतं. तेवढ्यात मी डबा खाल्ला.

उठल्यावर नवा लॅपटॉप पहिल्या झटक्यात जोडला गेला. झेरॉक्सनंही कागद नीट टाकला. मला बरं वाटलं. नियमाप्रमाणे मग मी सर्व्हरची नोंद उघडली, कोणाला आत घेतलं आणि कोणाला परत पाठवलं ते पाहायला. आत घेतलेले सगळे ओळखीचे होते. परत पाठवलेलं मशीन एकच होतं, पुन्हा पुन्हा तेच. नाव नाही, पासवर्ड नाही, नुसतं दार ठोठावणं. मशीन तलासरीचं.

आता सांगायला हवं की त्या दिवसांत तलासरी म्हटलं की आमच्या ऑफिसात काय मनात यायचं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, कमिटीची बैठक होती. तलासरीच्या केंद्रावर एकच बाई आहे. ती गंजाडची, म्हणून आमच्यासाठी गंजाड. तिची जागा ठेवायची की काढून टाकून तिथलं काम कोसबाडकडे सोपवायचं, हे त्या बैठकीत ठरणार होतं. कोसबाड आमचा प्रशिक्षक, मोटरसायकलवर फिरतो, बोलायला चांगला. सरांनी, म्हणजे आमच्या सचिवांनी, माझ्याकडून दोघांच्या कंप्युटरवरच्या कामाचं टिपण मागितलं होतं. मी ते शुक्रवारीच दिलं होतं. कोसबाडबद्दल लिहिलं होतं की पत्रकं उत्तम. गंजाडबद्दल एकच ओळ: वर्षभरात सर्व्हरवर एकदाही स्वतःच्या नावानं प्रवेश केलेला नाही.

ओळ खोटी नव्हती. आकडा मी स्वतः काढला होता.

फोन वाजला. गंजाड.

"मॅडम, प्रिंटर मेला."

"प्रिंटर जिवंत आहे. मी आज सर्व्हरचं दार बंद केलं. तुझं युजरनेम टाक, पासवर्ड टाक, छापलं जाईल."

"कुठलं युजरनेम?"

"तुझं. गंजाड."

थोडा वेळ तिकडून नुसता पावसाचा आवाज आला. केंद्रावर पत्रा आहे.

"ते मी वापरत नाही," ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं काय वापरत होतीस?"

"काही नाही. फोल्डर उघडायचा, काम करायचं, छापायचं. तुमचा सर्व्हर चांगला होता, काही विचारायचा नाही. आज तुमच्यासारखा झाला."

मी म्हटलं, "बडबड नको. काय छापायचंय?"

"आवणीचं पत्रक. उद्या वरच्या पाड्यावर शिबिर आहे. सकाळी निघायचंय."

आवणी म्हणजे भाताची लावणी. ते पत्रक मला माहीत होतं. मोठे फोटो, कमी अक्षरं: रोपं उपटताना हात कुठे धरायचा, जुडी केवढी बांधायची, दोन ओळींत किती जागा सोडायची. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण वाचता न येणारीलाही समजेल असं होतं. मागच्या दोन बैठकांत मी ते हातात धरून दाखवलं होतं आणि म्हटलं होतं, कोसबाडकडून शिका.

"ते पत्रक तुझ्याकडे कसं?" मी विचारलं.

"माझ्याकडे नसेल तर कोणाकडे असेल?" ती म्हणाली. "हात माझ्या आईचे आहेत त्यात."

फोन ठेवून मी 'सर्वांसाठी' फोल्डर उघडला. प्रत्येक फाईल कोणी बनवली ते सर्व्हर लिहून ठेवतो. तो रकाना मी कधी पाहिला नव्हता, कारण मला कधी शंकाच आली नव्हती. आवणीचं पत्रक: पाहुणा. नागलीचं: पाहुणा. परसबागेची आखणी, रोपवाटिकेचं पाणी, दोडक्याचा मांडव, शिबिरांचे फोटो, हजेरी. पाहुणा, पाहुणा, पाहुणा. स्वतःच्या नावानं शिरणाऱ्या माणसाच्या फायलीवर त्याचं नाव येतं. नाव न सांगणाऱ्यावर पाहुण्याचं. बाकी सगळे नाव सांगून शिरत होते. झेरॉक्सचे स्कॅन सोडले तर पाहुणा फक्त तलासरीला होता.

कोसबाड हात धुऊन येत होता. मी त्याला थांबवलं.

"आवणीचं पत्रक कोणी केलं?"

"गंजाडनं."

"आणि मी बैठकीत तुझं कौतुक करत होते तेव्हा?"

त्यानं रुमालानं हात पुसले. "तुम्ही बोलत होता, मॅडम. मध्ये बोललं की तुम्ही रागावता."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा तुम्हीच बोलत होता."

मला त्याचा राग आला, आणि लगेच लक्षात आलं की तो राग दाखवायला माझ्याकडे जागा नाही. मी मध्ये बोललेलं खपवून घेत नाही, हे खरं आहे. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

सरांना फोन लावला. ते पालघरला होते, गडबडीत होते. मी म्हटलं, टिपणात चूक आहे. ते म्हणाले, "कागद सगळ्या सदस्यांना गेलेत, मॅडम. आता उद्या तुम्हीच समोर सांगा." आणि फोन ठेवला.

मी पत्रकं इथल्या प्रिंटरवर काढली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि निघाले. पासवर्ड फोनवरही देता आला असता. पण पत्रकं पोचवायचीच होती, आणि दुसरं एक विचारायचं होतं, ते फोनवर विचारलं असतं तर तिनं मला पुन्हा पावसाचा आवाज ऐकवला असता. चारोटीपर्यंत शेअर जीप, पुढे हायवेनं दुसरी. वाटेत गंजाड लागतं. शेतांत आवणी चालू होती, डोक्यावर प्लास्टिक घेतलेल्या बायका ओळीनं वाकलेल्या. मी रोज हा रस्ता करत नाही, पण करते तेव्हा कुठला पाडा कोणाचा हे विचारत नाही. त्या दिवशी विचारावंसं वाटलं. कोणाला विचारणार, म्हणून गप्प बसले.

तलासरीचं केंद्र म्हणजे बाजाराच्या मागची एक खोली. गंजाड जमिनीवर बसून बियांच्या पुड्या वेगळ्या करत होती. गिलकी, काकडी, दोडकी. मला दारात पाहून ती उठली नाही.

"या, या. स्वतः आलात? मला वाटलं, खांद्यावर प्रिंटर आणताय."

"पत्रकं आणलीत. धर."

तिनं प्लास्टिक सोडून वरचं पत्रक पाहिलं, मग मधलं एक उपसून पाहिलं. "कोरडी आहेत. मॅडम मात्र भिजल्या." तिनं मला तिचा टॉवेल दिला आणि शेजारच्या टपरीला ओरडून चहा सांगितला.

मी खुर्चीवर बसले. सरळ विचारलं, "पासवर्ड विसरली होतीस, तर मागितला का नाहीस?"

"मागितला होता."

"कधी?"

"नवीन होते तेव्हा. मसोलीला बसत होते महिनाभर, आठवतं? तुम्ही दिलात पण."

"मग?"

"मग पाटीवर लिहिलंत."

पाटीचं सांगते. ऑफिसच्या दारातून आत आलं की समोर एक पांढरी पाटी होती. जो पासवर्ड विसरेल त्याचं नाव त्या आठवड्यात पाटीवर. वर मोठ्या अक्षरांत 'विसरभोळे', खाली नावं. पाटीवर आलेल्यानं सगळ्यांना वडापाव द्यायचा. कल्पना माझी. लोक हसायचे, वडापाव खायचे, आणि पासवर्ड विसरणं खरंच कमी झालं होतं. ही युक्ती मी दुसऱ्या संस्थांच्या बायकांनाही सांगितली होती.

"गंमत होती ती," मी म्हटलं.

"गंमतच होती. वडापाव मी पण दिला की." तिनं दोडक्याची पुडी दोडक्यांत टाकली. "माझं नाव लिहिलं असतं ना, तर मी हसले असते. तुम्ही गाव लिहिता. विसरभोळे, खाली गंजाड. त्याच आठवड्यात आमच्या पाड्यावरचे रोपं न्यायला आले. माझे काका पुढे. बाकड्यावर बसले आणि काकांनी मोठ्यानं वाचलं. त्यांना वाचता येतं याचं कौतुक आहे त्यांना, जे दिसेल ते वाचतात. वाचलं आणि तुमच्या कोसबाडला विचारलं, आमचं गाव काय विसरलं?"

"मग?"

"तो म्हणाला, गाव नाही, तुमची पोरगी."

चहा आला. तिनं माझ्या हातात ग्लास दिला आणि पुन्हा खाली बसली.

"मी आत होते, रोपं मोजत. सगळं ऐकलं. पाड्यावरून ऑफिसात गेलेली मी पहिली. काका घरी पोचायच्या आधी गावाला कळलं की आपल्या पोरीचं नाव भिंतीवर लावलंय. आईला वाटलं, मला काढलं. आई रडत बसली. मी तिला सांगत होते, अगं पासवर्ड, पासवर्ड, आणि ती म्हणत होती, तो काय असतो, परत दे त्यांना." ती हसली. मला हसू आलं नाही. "आणि तुम्ही पाटी पुसायच्या पण नाही लवकर. आठवड्याचं म्हणायच्या, गणपतीपर्यंत होतं गंजाड तिथे."

ते खरं होतं. पाटी पुसायला मला वेळ मिळायचा नाही. किंवा असं म्हणू, पुसणं हे काम आहे असं मला वाटायचं नाही.

"इकडे आल्यावर पुन्हा विसरले," ती म्हणाली. "पण बघितलं, नाव न टाकता पण फोल्डर उघडतो. म्हटलं, बेस्ट. नाव टाकायचंच नाही, तर विसरणार काय?"

ग्लास खाली ठेवायला मी जागा शोधत होते. तिनं तो माझ्या हातातून घेतला.

"एक विचारू, मॅडम? मसोली कधीच विसरत नाही का? पाटीवर कधी पाहिलं नाही."

"विसरते," मी म्हटलं.

"मग?"

"मग माझा मीच नवा घालते. मला कोणाकडे मागावा लागत नाही."

"चांगलं आहे," ती म्हणाली, आणि काकडीच्या पुड्या ओढून घेतल्या.

कान गरम होतात असं म्हणतात, ते मला त्या खुर्चीवर प्रत्यक्ष कळलं. आणि अजून मुख्य गोष्ट सांगायची राहिली होती. घोळवत बसले असते तर सांगून झालंच नसतं, म्हणून एका दमात सांगितली: उद्या बैठक आहे, तुझ्या जागेचं ठरणार आहे, माझ्या टिपणात तुझं काम नाही असंच दिसतं, आणि तुझी पत्रकं कोसबाडच्या नावावर आहेत.

तिचे हात थांबले.

"नाही म्हणजे? काहीच नाही?"

"काहीच नाही."

"हे सगळे पाडे फिरले ते?"

"सर्व्हरमध्ये फिरणं येत नाही."

"मग सर्व्हरला पाठवा फिरायला." आवाज चढला तिचा. "त्याला म्हणावं, वरच्या पाड्यावर जीप जात नाही, ओढ्यातून चालावं लागतं. जागा गेली तर मी काय करायचं, ते पण विचारा त्याला. मोठी मुलगी बारावीला आहे इथे, खोली इथे घेतलीय. परत गावाला जाऊन काकांना काय सांगू? या वेळी काय विसरलं गंजाड?"

मी म्हटलं, "उद्या मी बैठकीत सांगते."

"काय सांगाल?"

"जे झालं ते."

"पाटीचं पण?"

मला वाटलं होतं की पाटीशिवाय भागेल. नोंदीत त्रुटी राहिली होती, असं म्हणता येतं. कमिटीला असलं वाक्य आवडतं, आणि कोणाच्या अंगाला काही लागत नाही. ती माझ्याकडे बघत होती. "पाटीचं पण," मी म्हटलं.

"बघू," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही, आणि बसायला काही कारणही नव्हतं.

मग आम्ही काम केलं. मी तिथूनच सर्व्हरवर जाऊन तिचा जुना पासवर्ड रद्द केला आणि नवा घालायला तिला बसवलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. कळा हळूहळू वाजत होत्या. मशीननं सांगितलं, दोन्ही वेळा टाकलेलं जुळत नाही.

"लिहा पाटीवर," मागून आवाज आला.

"पुन्हा टाक," मी भिंतीला सांगितलं.

दुसऱ्यांदा जुळलं. तिनं एक पान छापायला दिलं आणि प्रिंटर कुरकुरत चालू झाला. मी वळून स्क्रीनकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात 'गंजाड' असं आलं होतं.

"हे पण गावच," ती म्हणाली.

"तुझं नाव घालू?"

"राहू दे. आता कामाच्या वर आहे ना, मग चालेल."

जुन्या फायलींवरचं पाहुण्याचं नाव काढून तिथे तिचं नाव घालणं मला शक्य होतं. काही क्लिकचं काम. हात तिकडे गेलाही होता. पण ते बैठकीच्या आदल्या दिवशी माझ्या हातानं बदललेलं नाव झालं असतं, आणि कोणी विचारलं असतं तर त्याला काही किंमत उरली नसती. शिवाय मला माहीत होतं की मी ते का करू बघत होते. यंत्रात दुरुस्त झालं की तोंडानं सांगावं लागणार नव्हतं. मी फायली होत्या तशा ठेवल्या आणि परतीची जीप पकडली.

मंगळवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडलं. पाटी समोरच होती. त्या आठवड्यात तिच्यावर आशागड होतं. पाटी पुसायचं फडकं खिळ्याला अडकवलेलं असतं, ते मी घेतलं. सदस्य यायच्या आत पाटी स्वच्छ झाली असती, आणि मग मी सांगितलं असतं ते नुसतं ऐकण्यापुरतं राहिलं असतं. फडकं परत खिळ्याला लावलं.

सदस्य आले, खुर्च्या सरकल्या, चहा झाला. सर म्हणाले, मॅडमना टिपणाबद्दल काही सांगायचंय. मी उभी राहिले. मी रोज बोलते, आणि बरंच बोलते, पण त्या दिवशी आवाज बारीक निघाला. सांगितलं की तलासरीचं काम वर्षभर झालेलं आहे, फक्त त्यावर नाव नाही. पत्रकं कोसबाडची नाहीत, गंजाडची आहेत. नाव नाही कारण सर्व्हर नाव न विचारता आत घेत होता, आणि तो तसा मी ठेवला होता. आणि तिनं नाव सांगणं सोडलं, त्याचं कारण बाहेर भिंतीवर आहे.

दार उघडं होतं. सगळ्यांनी मान वळवून पाटीकडे पाहिलं. आशागड रजिस्टर घेऊन दारातून जात होता, तो तिथेच थबकला.

"ती तर गंमत आहे ना?" एक सदस्य म्हणाले. "आम्ही पण हसायचो."

"हो," मी म्हटलं. "मीही हसायचे."

मग तिच्या काकांचं सांगितलं. मध्येच थांबावं असं वाटलं, पण सगळं सांगितलं. कोसबाडकडे पाहिलं नाही. तोच उठला आणि म्हणाला, "पत्रकं तिचीच आहेत. मी सांगायला पाहिजे होतं." बसताना त्याची खुर्ची वाजली.

कमिटीतल्या एक ज्येष्ठ बाई आहेत, कमी बोलतात. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे रस्त्यावरचा कोणीही येऊन आपल्या फायली बघू शकत होता?"

"वायफाय मिळालं तर, हो."

"आणि हे तुम्हाला काल कळलं?"

"काल दुसऱ्यानं दाखवलं. उघडलं होतं मीच."

त्यांनी ते लिहून घेतलं. सरांनी टिपण मागे घेतल्याची नोंद केली आणि तलासरीची जागा कायम ठेवायची असं ठरलं. फार चर्चा झाली नाही. पुढचा विषय बियाण्याच्या गोदामाचा होता. मी खाली बसले तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची जरा लांब सरकली आहे असं वाटलं. कदाचित आधीपासूनच लांब असेल.

बैठक संपल्यावर गंजाडला फोन केला. मागे बायकांचा गलका होता, ती वरच्या पाड्यावर पोचली होती.

"जागा राहिली," मी म्हटलं.

"पाटीचं सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिनं बाजूच्या कोणाला तरी ओरडून सांगितलं की जुडी एवढी मोठी बांधू नको. मग मला म्हणाली, "पाटीचं काय करताय?"

"काढते आता. स्टोअरमध्ये टाकते."

"टाकू नका. चांगली पाटी आहे. इकडे पाठवा, कुठल्या पाड्यावर कधी जायचं ते लिहायला हवीच आहे. प्रिंटर बंद पडला तर तेवढी तरी असेल."

फोन ठेवून मी स्क्रू काढले. 'विसरभोळे' पक्क्या शाईनं लिहिलेलं होतं, स्पिरिट लावून घासावं लागलं. आशागडनं विचारलं, घासू का मी? मी म्हटलं, नको. पाटी स्वच्छ झाल्यावर तिला बारदान गुंडाळलं, रिक्षानं डहाणू रोडला नेली, चारोटीच्या जीपच्या टपावर सुतळीनं बांधली आणि पुढच्या जीपमध्ये चढवायला ड्रायव्हरला बजावलं. त्यानं विचारलं, कोणाच्या नावावर? मी गाव सांगितलं नाही. तिचं नाव सांगितलं.